‘ब्रेक ऑइल’ शेवटचं कधी बदललं? मांजरसुंबा, धारूरचा घाट उतरण्याआधी हे वाचा

गाडीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित असलेल्या या द्रवावर पूर्ण ब्रेक अवलंबून असतो. तो कशामुळे खराब होतो, कधी बदलायचा, गॅरेजमध्ये काय विचारायचं आणि घाटात ब्रेक खाली गेला तर काय करायचं? सविस्तर समजून घ्या.

बीड : इंजिन ऑइल बदलण्याची तारीख बहुतेकांना तोंडपाठ असते. टायरमधली हवा पेट्रोल पंपावर तपासली जाते. पीयूसी संपली की मोबाइलवर आठवण येते. पण ‘ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?’ असं विचारलं तर दहापैकी नऊ जण विचारात पडतात. अनेकांच्या गाडीत तर शोरूममधून निघताना भरलेलंच ऑइल पाच-सात वर्षांनंतरही फिरत असतं.

सपाट रस्त्यावर, शहरातल्या शहरात फिरताना याचा पत्ता लागत नाही. ब्रेक लागतो, गाडी थांबते, विषय संपतो. खरी परीक्षा होते ती घाटात. आणि बीड जिल्ह्यात घाट टाळून फार लांब जाता येत नाही.

बीडकरांसाठी हा विषय महत्त्वाचा का?

बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्याच्या मधून जातात. गेवराई, माजलगावकडचा गोदाकाठ खाली आणि पाटोदा, केज, अंबाजोगाईचं पठार वर, अशी जिल्ह्याची साधारण रचना आहे. त्यामुळे एका भागातून दुसऱ्या भागात जायचं म्हटलं की कुठेतरी चढ आणि उतार येतोच.

धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ बीडमधून दक्षिणेकडे निघाला की पालीजवळ बिंदुसरा प्रकल्पाच्या परिसरातून मांजरसुंब्याकडे चढतो. मांजरसुंबा हा जिल्ह्यातला मोठा चौफुला आहे. इथूनच एक रस्ता पाटोदा, जामखेडमार्गे अहिल्यानगरकडे आणि दुसरा केज, अंबाजोगाईकडे फुटतो. कपिलधारला जाणारे भाविकही याच भागातून जातात. तिकडे तेलगावहून धारूरकडे जाताना धारूरचा घाट लागतो. अरुंद रस्ता आणि वळणं यामुळे हा घाट अपघातांसाठी कायम चर्चेत असतो. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याजवळ जामखेडकडे उतरतानाही घाट आहेच.

यात भर पडते ती गाड्यांच्या वापराची. लग्नसराईत पाच जणांच्या गाडीत सात जण आणि टपावर सामान. काळी-पिवळी जीपमध्ये क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी. ऊस गाळपाच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यामुळे मागच्या गाडीला उतारावर सतत ब्रेक. शिवाय जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री जोरात. एमएच-२३ असो की अंबाजोगाईची एमएच-४४, सेकंड हँड गाडी घेताना इंजिन, टायर, रंग पाहिला जातो. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण कोणी उघडत नाही.

‘ब्रेक ऑइल’ हे ऑइल आहे का?

नाही. गैरसमजाची सुरुवात इथूनच होते.

गॅरेजमध्ये, दुकानात आणि बोलण्यात सगळीकडे ‘ब्रेक ऑइल’ हाच शब्द आहे. पण बहुतेक गाड्यांमध्ये वापरला जाणारा हा द्रव ग्लायकॉल ईथर या रसायनांपासून बनतो. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा गिअर ऑइलसारखं ते खनिज तेल नाही. त्याचं खरं नाव ‘ब्रेक फ्लुइड’.

हा फक्त नावाचा घोळ नाही. ‘ऑइलच ना, मग टाक कुठलंही’ म्हणत एखाद्याने या डबीत इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल टाकलं, तर ब्रेकमधले रबरी सील आणि वायसर फुगतात, मऊ पडतात. मग ब्रेक जाम होतो किंवा गळती सुरू होते. असं झालं तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही. रबराचे बहुतेक भाग बदलावे लागतात.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो?

घरी करता येईल असा प्रयोग आहे. इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई काढा, पाणी भरा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा दाबून पाहा. दांडा हलत नाही. आता तीच सिरिंज रिकामी करून, म्हणजे आत फक्त हवा ठेवून दाबा. दांडा सहज आत जातो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते.

कारच्या ब्रेकचं सगळं गणित यावर उभं आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. तुम्ही पेडल दाबता. बूस्टर तो जोर वाढवतो. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन द्रवाला ढकलतो. बारीक नळ्यांमधून तो दाब चारही चाकांपर्यंत जातो. पुढे डिस्क असेल तर कॅलिपर पॅडला डिस्कवर दाबतो. मागे ड्रम असेल तर व्हील सिलिंडर लायनरला ड्रमवर दाबतो. चाक थांबतं.

या साखळीत पाय आणि चाक यांच्यामध्ये लोखंडी दांडा नाही. आहे तो फक्त हा द्रव. त्यात हवा किंवा वाफ शिरली, की पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. चाकापर्यंत काही पोहोचत नाही.

मग हा द्रव खराब कशामुळे होतो?

पाण्यामुळे. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं, मिठाच्या बरणीत मीठ ओलं होतं, कारण ते हवेतला ओलावा ओढतात. ब्रेक फ्लुइडचा स्वभाव तसाच आहे. डबीच्या झाकणातल्या हवेच्या छिद्रातून, चाकाजवळच्या रबरी पाइपमधून आणि झाकण उघडलं की थेट, हवेतली वाफ त्यात हळूहळू मुरत राहते.

यावर बीडमध्ये हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘आमच्याकडे पाऊसच कमी, ओलावा कुठून येणार?’ कोरड्या हवेत हा वेग कोकणाच्या तुलनेत कमी असतो, हे खरं. पण तो शून्य होत नाही. जून ते सप्टेंबरमधली दमट हवा आणि वर्षानुवर्षांचा काळ पुरेसा असतो. गाडी अंगणात झाकून ठेवली, वर्षाला दोनच हजार किलोमीटर चालली, तरीही ओलावा मुरतोच. म्हणून इथे किलोमीटरइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व वर्षांना आहे.

या पाण्याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे आतून गंज. कॅलिपरचे पिस्टन, नळ्या आणि एबीएसचे बारीक व्हॉल्व्ह यांना धोका पोहोचतो. एबीएस युनिट खराब झालं तर खर्च मोठा असतो. दुसरा परिणाम जास्त घातक आहे. द्रवाचा उत्कलनबिंदू, म्हणजे तो उकळण्याचं तापमान, झपाट्याने खाली येतं.

आकडे काय सांगतात?

बाटलीवर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असं लिहिलेलं असतं. ही अमेरिकेच्या वाहतूक विभागाच्या मानकांवरून आलेली प्रतवारी जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रतीसाठी उकळण्याची किमान तापमानं ठरलेली आहेत. एक ताज्या द्रवासाठी आणि दुसरं सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेल्या द्रवासाठी.

* डॉट ३ : ताजा २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरलेला १४० अंश
* डॉट ४ : ताजा २३० अंश, पाणी मुरलेला १५५ अंश
* डॉट ५.१ : ताजा २६० अंश, पाणी मुरलेला १८० अंश

३.७ टक्के म्हणजे किती? अर्धा लिटर द्रवात साडेअठरा मिलिलिटर. चहाचे जेमतेम चार चमचे पाणी. तेवढ्याने डॉट ३ ची सहनशक्ती ६५ अंशांनी आणि डॉट ४ ची ७५ अंशांनी घटू शकते.

डॉट ५ हा वेगळा प्रकार आहे. तो सिलिकॉनचा असतो आणि ग्लायकॉलच्या द्रवात मिसळत नाही. नावात सारखेपणा असला तरी ‘५’ आणि ‘५.१’ ची गल्लत करू नये. आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ लागतो. कोणता, ते डबीच्या झाकणावर किंवा मालक पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

घाटात नेमकं काय होतं?

साधा हिशेब करू. गाडी, प्रवासी आणि सामान मिळून १,५०० किलो वजन आहे. रस्ता १५० मीटर उंची उतरतो आहे. वेग वाढू न देता ही गाडी खाली आणायची तर सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत साधारण सात लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. चालक इंजिनाची मदत न घेता फक्त ब्रेकवर गाडी उतरवत असेल, तर यातली बहुतांश उष्णता डिस्क, ड्रम, पॅड आणि लायनरमध्ये जमा होते. वारा लागून ती निघते, पण पाय सतत ब्रेकवर असेल तर निघण्यापेक्षा जमा होणारी जास्त.

ती उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि पिस्टनमधून द्रवाकडे जाते. द्रव ताजा असेल तर तो तग धरतो. पाणी मुरलेला असेल तर उकळतो, वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढच्या वळणावर चालक पेडल दाबतो आणि ते स्पंजसारखं थेट खाली जातं. इंजिनीअर याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. रस्त्यावर याला एकच शब्द आहे, ‘ब्रेक फेल’.

फसवणारी गोष्ट पुढे आहे. गाडी कशीबशी थांबली, अर्धा-एक तास उभी राहिली, की वाफेचं पुन्हा पाणी होतं. पेडल पहिल्यासारखं कडक लागतं. मेकॅनिक येतो, तपासतो, ‘ब्रेक तर ओके आहे’ म्हणतो. सगळे पुन्हा गाडीत बसतात. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो आणि पुढच्या उताराची वाट पाहतो.

पेडल खाली जातंय की कडक आहे? फरक ओळखा

दोन्ही वेळा गाडी थांबत नाही, पण कारण वेगळं असतं.

* पेडल मऊ, खोल जाणारं : द्रवात वाफ किंवा हवा, अथवा कुठेतरी गळती.
* पेडल नेहमीसारखं कडक, पण गाडी थांबत नाही, जळका वास : पॅड किंवा लायनर प्रमाणाबाहेर तापले. याला ‘ब्रेक फेड’ म्हणतात.
* पेडल दगडासारखं घट्ट : बूस्टरची मदत बंद. इंजिन बंद पडलं किंवा चालकाने बंद केलं.
* उभ्या गाडीत पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली बसतं : मास्टर सिलिंडरचे सील गेले असण्याची शक्यता.

यातला तिसरा मुद्दा आपल्याकडच्या एका जुन्या सवयीशी जोडलेला आहे. उतार आला की डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणं किंवा किल्लीच बंद करणं. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये साठलेल्या निर्वातावर दोन-तीन वेळाच ब्रेक नीट लागतो. नंतर पेडल घट्ट होतं आणि स्टेअरिंगही जड होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेकिंग संपतं, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय इंधन इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतही होत नाही.

पुण्यातल्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मोठ्या वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला चर्चा ‘ब्रेक फेल’चीच होती. नंतर चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये चालवल्याचं तपासात पुढे आल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. ट्रक आणि एसटीसारख्या जड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यात हा द्रव नसतो. पण उताराचा नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे.

हे तपासायला कोणी येणार आहे का?

नाही. पीयूसीमध्ये फक्त धूर तपासला जातो, ब्रेकला कोणी हात लावत नाही. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते आणि फेरनोंदणीच्या वेळीच ती तपासणीसाठी न्यावी लागते. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं, घरच्या गाडीला नाही. म्हणजे नव्या कारच्या पहिल्या १५ वर्षांत तिच्या ब्रेकची जबाबदारी पूर्णपणे मालकाची. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस बंधनकारक आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. द्रवच उकळला तर एबीएसही काही करू शकत नाही.

कधी बदलायचं?

बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत दोन ते तीन वर्षांची मुदत दिलेली असते, सोबत किलोमीटरची मर्यादा असते. जे आधी येईल ते. आपल्या गाडीची पुस्तिका हाच अंतिम शब्द. पुस्तिका हरवली असेल आणि रोजचं जाणं-येणं घाटातून असेल, तर दोन वर्षं हा सुरक्षित नियम.

खालीलपैकी काही असेल तर मुदतीची वाट पाहू नका.

* सेकंड हँड गाडी घेतली आहे आणि ऑइल बदलल्याची नोंद किंवा बिल नाही.
* घाट उतरल्यावर एकदा तरी पेडल मऊ लागलं.
* द्रव काळपट झाला आहे किंवा त्यात गाळ दिसतो.
* पुराच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात गाडी खोलवर बुडाली होती.

रंगावर पूर्ण विसंबू नये. नवा द्रव फिकट पिवळसर असतो आणि जुना तपकिरी होतो, हे खरं. पण पाणी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही ओलावा असू शकतो. काही गॅरेजमध्ये पेनासारखं ओलावा तपासणारं यंत्र असतं. ते अंदाज देतं. त्याने लाल दिवा दाखवला तर बदलाच. हिरवा दाखवला तरी मुदत उलटली असेल तर बदलाच.

नुसतं वरून टाकलं तर चालतं का?

हा सगळ्यात जास्त होणारा प्रकार. डबीत पातळी ‘मिन’च्या जवळ आली, मेकॅनिकने बाटलीतून थोडं ओतलं, ‘ब्रेक ऑइल झालं’.

यात दोन चुका आहेत. पहिली, जुना द्रव कॅलिपर आणि नळ्यांमध्ये तसाच राहतो आणि उकळतो तो तिथलाच, डबीतला नाही. दुसरी, पातळी खाली का गेली, हे कोणी पाहत नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतो आणि तेवढा द्रव डबीतून खाली जातो. म्हणजे पातळी उतरणं हा अनेकदा पॅड संपत आल्याचा इशारा असतो. पॅड चांगले असतील आणि तरी पातळी उतरत असेल तर गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते पाहावं. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच डबीवर चालतो, तिकडूनही गळती असू शकते.

नीट काम कसं होतं?

हे काम ‘एअर काढणे’ किंवा ‘ब्लीडिंग’ म्हणून ओळखलं जातं. साधारण एक लिटर द्रव आणि तासाभराचा वेळ पुरतो. साहित्याचा खर्च काही शे रुपयांचा. क्रम असा :

१. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना उटी लावतात. डबीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसतात.

२. डबीतला जुना द्रव मोठ्या सिरिंजने ओढून काढतात आणि नवा ‘मॅक्स’पर्यंत भरतात.

३. चाकाजवळच्या निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडतात. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात होते. आपल्याकडच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांत ते बहुधा मागचं डावं चाक असतं. काही मॉडेलचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेप्रमाणे.

४. एक जण पेडल दाबून धरतो. दुसरा रिंग पान्याने निपल सैल करतो, जुना द्रव नळीतून येतो. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. क्रम उलटला की हवा आत जाते.

५. नळीत स्वच्छ, बुडबुडे नसलेला नवा द्रव दिसेपर्यंत हे करायचं. मग पुढचं चाक.

६. या सगळ्यात डबी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. रिकामी झाली तर हवा आत शिरते आणि काम पहिल्यापासून.

७. शेवटी इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरतात. ते खाली बसत नाही ना, निपलजवळ ओल नाही ना, हे पाहून मगच हळू वेगात चाचणी.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो आणि त्यावर सील घासून फाटू शकतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर हे टळतं. काही एबीएसच्या गाड्यांत आतली हवा काढायला कॉम्प्युटर स्कॅनर लागतो, विशेषतः डबी रिकामी झाली असेल तर.

यूट्यूब पाहून घरी करावं का? ज्याने पूर्वी जाणकारासोबत हे काम केलेलं आहे, त्याने करावं. इतरांनी गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घ्यावं. हा खर्च वाचवण्याचा विषय नाही.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

* माझ्या गाडीला डॉट ३ की डॉट ४? बाटलीवर तेच लिहिलं आहे का?
* बाटली सीलबंद आहे का? अर्धवट वापरून महिनोन् महिने ठेवलेली बाटली नको, तिने ओलावा ओढलेला असतो.
* चारही चाकांमधून जुना द्रव काढणार ना?
* निघालेला द्रव पुन्हा डबीत टाकणार नाही ना?
* पॅड आणि लायनर किती उरले आहेत? चाकाजवळचे रबरी पाइप तडकलेत का?

काम झालं की बिलावर ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या. त्याचीच चिठ्ठी डबीजवळ चिकटवली तर पुढच्या वेळी आठवावं लागणार नाही.

ही काळजी घ्या

हा द्रव गाडीच्या रंगावर पडला तर रंग उडवतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेला तर पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. तो विषारी आहे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नका, लहान मुलांच्या हाती लागू शकतो. जुना द्रव नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा होतं तिथे वेगळ्या कॅनमध्ये द्या.

घाटात पेडल खाली गेलंच तर?

* घाबरून किल्ली बंद करू नका. स्टेअरिंग आणि बूस्टर दोन्ही जातील.
* पेडल भराभर, पुन्हा पुन्हा दाबा. कधी कधी थोडा दाब तयार होतो.
* एकेक करून खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअलवर घ्या.
* हँडब्रेक हळूहळू ओढा. बहुतेक गाड्यांत तो वायरवर चालतो, या द्रवावर नाही. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात.
* हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला गाडी घ्या.
* थांबल्यावर चाकाला दगड लावा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती तडकू शकते.
* ब्रेक पुन्हा लागू लागला तरी गाडी चालवू नका. टोइंग करून गॅरेजला न्या.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ही वेळच येऊ न देणं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वेग वाढला की नीट दाबून कमी करा, पाय काढा, ब्रेकला थंड व्हायला वेळ द्या.

बाइक आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

पुढे डिस्क ब्रेक असलेल्या बाइकच्या हँडलवर जी छोटी डबी असते, त्यात हाच द्रव असतो. प्रमाण कमी, नियम तोच. इलेक्ट्रिक कारमध्ये मोटरच बराच वेग कमी करते, त्यामुळे पॅड कमी झिजतात. पण हायड्रॉलिक ब्रेक तिथेही आहेत आणि ओलावा तिथेही मुरतो. छोट्या पिकअप गाड्यांचे ब्रेकही सहसा याच पद्धतीचे. त्या भरलेल्या घाट उतरतात, म्हणून त्यांनी तर मुदत चुकवूच नये.

थोडक्यात

* ब्रेक ऑइल हे तेल नाही, ते हवेतलं पाणी शोषतं आणि लवकर उकळू लागतं.
* गाडी चालो वा न चालो, पुस्तिकेतली मुदत पाळा. पुस्तिका नसेल तर दोन वर्षं.
* वरून टाकणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांतून जुनं निघालं पाहिजे.
* उतारावर न्यूट्रल नाही, किल्ली बंद नाही.
* सेकंड हँड गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात हे काम उरका.

आज गाडीजवळ गेलात तर बॉनेट उघडा. चालकाच्या बाजूला, काचेजवळ एक छोटी पांढरट डबी दिसेल. पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आहे का, रंग कसा आहे, ते पाहा. त्याला एक मिनिट लागतं. मग शेवटचं बिल शोधा. सापडलं नाही, तर पुढचा घाट उतरण्याआधी गॅरेज गाठा.